हांगझोऊ : अविनाश साबळेने सुवर्ण जिंकलं, त्या शहरातला तलाव हजार वर्षं कसा टिकला?

1 ऑक्टोबर 2023. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होत्या. पुरुषांच्या 3000 मीटर स्टीपलचेस शर्यतीत अविनाश साबळे 8 मिनिटं 19.50 सेकंदांत पहिला आला. या प्रकारात आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष धावपटू.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात येतं, त्याला आष्टी तालुका लागूनच आहे. आदल्याच दिवशी, 30 सप्टेंबरला, श्रीरामपूरमध्ये जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत टेनिसच्या मिश्र दुहेरीत सुवर्ण जिंकलं होतं.

हांगझोऊ हे नाव तेव्हा आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. पण चिनी लोकांसाठी हे शहर म्हणजे आधी एक तलाव आहे. त्या तलावाच्या इतिहासात दुष्काळ आहे, गाळ आहे, अतिक्रमण आहे आणि दुष्काळी कामावरची मजुरीही आहे. म्हणजे कर्जत-आष्टीच्या माणसाला ओळखीचं वाटावं असं बरंच काही.

हांगझोऊ नेमकं कुठे आहे?

चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळ, शांघायच्या नैऋत्येला. झेजियांग प्रांताची ही राजधानी. बीजिंगपासून दक्षिणेकडे येणाऱ्या ग्रँड कॅनॉल या जुन्या कालव्याचं टोक इथे आहे. 1138 पासून 1276 मध्ये मंगोल सैन्याने शहर ताब्यात घेईपर्यंत हांगझोऊ दक्षिण सोंग राजघराण्याची राजधानी होतं. आजची ओळख वेगळी आहे. अलीबाबा ही कंपनी 1999 साली याच शहरात सुरू झाली.

शहराच्या पश्चिमेला 'शी हू', म्हणजे पश्चिम तलाव आहे. जगभर तो वेस्ट लेक म्हणून ओळखला जातो. क्षेत्रफळ साधारण साडेसहा चौरस किलोमीटर. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला शहर. 2011 साली युनेस्कोने इथल्या परिसराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

तलाव नैसर्गिक आहे का?

सुरुवात नैसर्गिक आहे. कधीकाळी इथे समुद्राची उथळ खाडी होती. गाळाने तिचं तोंड बंद झालं आणि आत डोंगरावरून येणारं गोडं पाणी साठत गेलं. पण असा उथळ तलाव आपोआप टिकत नाही. गाळ साचतो, पाणवनस्पती वाढतात, कडेची जमीन पुढे सरकते आणि शेवटी पाण्याच्या जागी शेत उभं राहतं.

हांगझोऊला ते परवडणारं नव्हतं. शेजारच्या छ्यानतांग नदीत समुद्राची भरती आत शिरते, त्यामुळे शहरातल्या जमिनीखालचं पाणी खारट होतं. आठव्या शतकात तलावाचं पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणून सहा 'विहिरी' भरण्याची सोय करण्यात आली. पिण्याचं पाणी, शेती आणि कालव्यातली वाहतूक, सगळं या तलावावर अवलंबून होतं. 822 ते 824 या काळात इथे अधिकारी असलेले कवी बाय जुयी यांनीही बांध घालून सिंचनासाठी पाणी साठवलं होतं.

1089 साली काय घडलं?

त्या वर्षी सू शी हे हांगझोऊचे प्रमुख अधिकारी म्हणून आले. चीनमध्ये ते 'सू दोंगपो' या नावाने जास्त प्रसिद्ध आहेत. मोठे कवी, आणि प्रशासकही. ते आले तेव्हा दुष्काळ आणि धान्यटंचाई होती. तलावाचा जवळपास अर्धा भाग गवत आणि गाळाने भरला होता. 1090 मध्ये त्यांनी दरबाराला लेखी कळवलं की असंच चालू राहिलं तर वीस वर्षांत हा तलाव उरणार नाही.

कामाचा अंदाज होता दोन लाख मनुष्यदिवसांचा. पैसे कुठून आणायचे? दुष्काळ निवारणातून उरलेली रक्कम आणि धान्य त्यांनी मजुरीसाठी वापरलं. शिवाय दरबाराकडून भिक्खू होण्याचे शंभर सरकारी परवाने मागून घेतले. त्या काळी हे परवाने विकले जायचे आणि त्यातून सरकारला पैसा मिळायचा.

ज्यांच्या घरात धान्य नव्हतं, त्यांना काम मिळालं आणि त्याच कामातून पाण्याची सोय झाली. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो लोक बंडिंग, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामावर गेले. पुढे 1977 साली राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. 'दुष्काळी कामावर' गेलेली माणसं कर्जत-आष्टी भागात आजही भेटतात.

काढलेल्या गाळाचं काय केलं?

एवढा गाळ टाकायला जागा नव्हती. सू दोंगपो यांनी तो तलावातच दक्षिणेकडून उत्तरेकडे रचून बांध तयार केला. पाणी खेळतं राहावं म्हणून मध्ये सहा पूल ठेवले. आज पर्यटक ज्या 2.8 किलोमीटरच्या 'सू बांधा'वरून चालतात, तो हाच.

गवत पुन्हा वाढू नये म्हणून त्यांनी तलावाचा काही भाग शिंगाडे लावणाऱ्यांना दिला. शिंगाडा लावायचा तर आधी पाणी साफ करावं लागतं, त्यामुळे सफाई आपोआप होत राहणार होती. त्यातून मिळणारं उत्पन्न तलावाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलं. लागवडीची हद्द कळावी म्हणून पाण्यात तीन दगडी मनोरे उभारले. आज दिसणारे मनोरे नंतरच्या काळात पुन्हा बांधलेले आहेत. चीनच्या एक युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला त्यांचं चित्र आहे. नोटेवरच्या या मनोऱ्यांचं मूळ काम अतिक्रमण रोखण्याचं होतं.

मग प्रश्न कायमचा सुटला का?

नाही. पुढच्या शतकांत गाळ पुन्हा साचला आणि वजनदार लोकांनी तलावात शेती सुरू केली. 1508 मध्ये यांग मंगयिंग या अधिकाऱ्याने विरोध पत्करून ती शेतं हटवली आणि गाळ काढला. 1950 च्या दशकात आणि या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा मोठ्या प्रमाणावर गाळ उपसण्यात आला. आता छ्यानतांग नदीचं पाणी गाळ बसवून तलावात सोडलं जातं.

महाराष्ट्रात 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. धरणातला गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा, ही त्यामागची कल्पना. हांगझोऊचा अनुभव सांगतो की एकदा गाळ काढून भागत नाही. पुढची देखभाल कोण करणार आणि त्याचा पैसा कुठून येणार, याचं उत्तर त्याच वेळी ठरवावं लागतं. सू दोंगपो यांचं उत्तर शिंगाडा होतं. ते कायमचं पुरलं नाही, पण निदान प्रश्न विचारला गेला होता.

गेलात तर काय पाहाल?

सू बांध : पहाटे किंवा संध्याकाळी चालत. तलावाकाठी फिरायला तिकीट लागत नाही. शहराने 2002 पासून काठावरच्या बागा टप्प्याटप्प्याने मोफत खुल्या केल्या.

तीन मनोऱ्यांचं बेट : बोटीने जावं लागतं, त्याचं तिकीट आहे.

लेइफंग पॅगोडा : मूळ बांधकाम 975 सालचं. 1924 मध्ये तो कोसळला. 2002 मध्ये नवा उभा राहिला. खाली जुन्या विटांचे अवशेष दिसतात.

लिंगयिन मंदिर : परंपरेनुसार चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्खूने स्थापन केलं. समोरचा डोंगर पाहून त्यांना मगधातल्या गृध्रकूटाची आठवण झाली आणि तो भारतातूनच उडत आला असावा असं ते म्हणाले, अशी कथा आहे. म्हणून त्याचं नाव 'उडत आलेलं शिखर'. त्यावर शेकडो बौद्ध शिल्पं कोरलेली आहेत.

लोंगजिंग : तलावाच्या पश्चिमेचे चहाचे मळे. इथला हिरवा चहा देशभर प्रसिद्ध आहे.

बिग लोटस स्टेडियम : कमळाच्या आकाराचं, छ्यानतांग नदीच्या दक्षिण काठावर. 2023 च्या स्पर्धेचं हे मुख्य मैदान.

जायचं कसं?

भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. व्हिसा अर्ज केंद्र मुंबईत आहे. 2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. सोयीचा मार्ग म्हणजे शांघायला उतरून हायस्पीड रेल्वेने हांगझोऊ. साधारण एक तास लागतो. रेल्वे तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा.

व्यवहार बहुतेक क्यूआर कोडवर चालतात, पण आपलं यूपीआय तिथे गृहीत धरू नका. अलीपे ॲपला परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. ते भारतातच करून घ्या. गूगल, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतात.

शाकाहारी असाल तर मांस, मासे, अंडी आणि चरबी चालत नाही, असं चिनी भाषेत लिहून फोनमध्ये ठेवा. लिंगयिन मंदिराच्या परिसरात शाकाहारी जेवण मिळतं.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चांगला काळ. फक्त 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळा. त्या दिवसांत सू बांधावर पाय ठेवायला जागा नसते. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे लावा.