केंद्रकाच्या मापाची कुळकथा

स्तनाच्या गाठीचा अहवाल आला की घरचे आधी ‘ईआर’पुढे पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते पाहतात. त्याच कागदावरच्या ‘ग्रेड’कडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. खरे तर दोघांत वडीलधारी तीच.

१९२५ साली बॉस्टनच्या ग्रीनो यांनी पेशींच्या रूपावरून स्तनाच्या कर्करोगाच्या पायऱ्या पाडल्या. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी त्याला गुणपत्रिकेचे रूप दिले: नलिका, केंद्रकांचा आकार-उकार, पेशींची विभाजने, प्रत्येकी १ ते ३ गुण. केंद्रक जोखायला शेजारची निरोगी पेशी पुरते, नाहीतर सात-आठ मायक्रॉनची तांबडी पेशी.

हार्मोनची वाट वेगळीच. ग्लासगोच्या बीटसन यांनी १८९६ साली अंडाशय काढल्यावर गाठ विरघळल्याचे नोंदवले, पण सगळ्याच बायकांना गुण का येत नाही हे कोडे राहिले. ते उलगडले शिकागोत, जेन्सन यांच्या किरणोत्सारी इस्ट्रोजेनमुळे: काही ऊती ते धरून ठेवतात, म्हणजे तिथे इस्ट्रोजेन रिसेप्टर, अर्थात ‘ईआर’, आहे. मात्र चाचणीसाठी ताजी गाठ गोठवून कुटावी लागे. त्यात पेशीचे रूपच हरवायचे! तरी सत्तरच्या दशकात दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या तेव्हा लहान, एकसारख्या केंद्रकांच्या गाठींत रिसेप्टर जास्त वेळा सापडला. थोराड, वेड्यावाकड्यांत कमी. १९८४ मध्ये किंग आणि ग्रीन यांनी प्रतिपिंडांनी दाखवले की रिसेप्टर बसतो तोच मुळी केंद्रकात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी ७९८ गाठी तपासल्या. २००० साली छापलेल्या त्या अभ्यासात ईआर पॉझिटिव्ह जेमतेम एक-तृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हा आकडा कितीतरी मोठा. भारतीय गाठी जात्याच उग्र, असे म्हणणे सोपे होते. पण गाठ टिकवायच्या फॉर्मॅलिनचाही यात हात असू शकतो. हिंगोलीत काढलेली गाठ नांदेडला किंवा मुंबईला जायची असेल आणि फॉर्मॅलिनमध्ये पडायलाच उशीर झाला, तर असलेला रिसेप्टरही चाचणीत दिसेनासा होतो.

इथे जुनी नजर कामी येते. ग्रेड १, केंद्रके लहान, तरीही ईआर निगेटिव्ह असा निकाल आला, तर पॅथॉलॉजिस्ट आधी चाचणीवरच संशय घेतो आणि गाठीच्या दुसऱ्या ब्लॉकवर ती पुन्हा करवतो. एका चुकीच्या ‘निगेटिव्ह’ने टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त हार्मोनरोधक गोळी हातची जाते. उलट बाजूने मात्र हा न्याय चालत नाही: थोराड केंद्रकांच्या गाठीही ईआर पॉझिटिव्ह निघतात, म्हणून नुसत्या मापावर निकाल कुणी लिहीत नाही.