साभार परत आलेली पाने : नकाराचा आमचा इतिहास

गेल्या महिन्यात चळवळीतला एक तरुण मित्र भेटायला आला. चार वर्षे खपून त्याने कादंबरी लिहिली आहे. दोन मराठी प्रकाशकांनी ती साभार परत केली, तिसऱ्याने उत्तरच दिले नाही. मग कुणीतरी सांगितले, इंग्रजीत अनुवाद कर, तिकडे लेखकांसाठी लिटररी एजंट असतात. त्याने काही प्रकरणांचा अनुवाद करून अनेक एजंटांना ईमेल पाठवले. उत्तरे आली ती एकाच साच्यातली : लेखन चांगले आहे, पण आमच्या यादीत बसत नाही. तो म्हणाला, "दादा, आता वही पेटीत टाकली. आपल्याला कोण छापणार?"

मित्रांनो, हा प्रश्न आज प्रथमच विचारला जात नाही. आमच्या साहित्याची सुरुवातच मुळी नकारापासून झाली आहे. पण हा इतिहास आम्ही आमच्या तरुणांना नीट सांगितलेला नाही, म्हणून प्रत्येक जण आपला नकार एकट्याचा समजून खचतो.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. ग्रहदशेची भीती घालून एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा जोशी आणि शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघालेले ते जोडपे, असा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त त्याचे कारण स्पष्टच नोंदवले : कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. ज्याची लबाडी उघडी पडणार होती, त्याच्याच जातभाईंच्या हाती निकाल होता! हे नाटक छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. १२४ वर्षे!

पण जोतीरावांनी लेखणी खाली ठेवली का? ते नाटक त्यांनी बाजूला ठेवले आणि काही वर्षांनी ब्राह्मणांच्या कसबाविषयीचे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली प्रकरणे छापून पुढची छापायला तर आपल्याच सत्यशोधकी 'दीनबंधु'ने नकार दिला. म्हणजे नकार परक्यांकडूनच येतो असे नाही, घरातूनही येतो. आणि १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण पाठवले, तेव्हा जोतीरावांनीच नकार कळवला. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, तिच्यात बसून आपले भले होणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. नाकारला गेलेला लेखक तीस वर्षांनी स्वतः नकार देण्याइतका मोठा झाला होता.

आता बाबासाहेबांकडे पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. पण पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची साधी जाहिरात छापली नाही, ही गोष्ट पुढे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळ घाबरले. वेदांवरचा आणि धर्मग्रंथांवरचा भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली.

पुढे काय झाले? न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. किंमत आठ आणे. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. लाहोरला बोलावणारे मंडळ आज किती जणांना आठवते? आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' माहीत नाही असा कार्यकर्ता तरी सापडेल का?

शेवटच्या दिवसांतही हेच घडले. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता, तो त्यांना झेपत नव्हता. सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात एवढीच मागणी होती. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली, असे उत्तर आले. ग्रंथ १९५७ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढला, पण तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

आणि घरातला नकार पाहायचा असेल तर फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याकडे पाहा. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी लिहिले आणि नवऱ्यापासून, घरच्यांपासून ते कागद वीस वर्षे लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बाईला प्रकाशकाआधी स्वतःच्या घराचा नकार ओलांडावा लागतो, हे आमच्या पुरुष कार्यकर्त्यांनी विसरू नये.

यातून आम्ही काय घ्यायचे? केवळ 'हार मानू नका' एवढेच सांगून भागणार नाही. नकार दोन प्रकारचा असतो. एक नकार लेखनातल्या कच्चेपणाला असतो, दुसरा त्यातल्या सत्याला. 'प्रकरण लांबले, पात्र ठसत नाही' असे कुणी म्हणाले तर राग गिळून पुन्हा लिहायला बसावे. तिथे जातीचे कारण पुढे करणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. पण 'ही जातीची भाषा जरा सौम्य करा, वाचक दुखावेल' असे म्हणाले, तर तिथे लाहोरचे उत्तर द्यावे.

दुसरी गोष्ट. जोतीरावांमागे सत्यशोधक होते, बाबासाहेबांमागे आठ आणे मोजणारा वाचक होता. १९६७ साली औरंगाबादेत 'अस्मिता' निघाले, पुढे त्याचेच 'अस्मितादर्श' झाले आणि गंगाधर पानतावणे यांनी ते आयुष्यभर चालवले, म्हणून नवख्या दलित लेखकांना हक्काचे पान मिळाले. आज १४ एप्रिलला आम्ही डीजेवर किती खर्च करतो आणि नव्या लेखकाचे पुस्तक विकत घ्यायला किती? दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या रांगा लागतात, हा आमचा अभिमान आहे. पण त्या रांगेत पहिलेच पुस्तक घेऊन बसलेल्या पोराच्या ताडपत्रीपाशी आम्ही थांबतो का? आम्ही थांबत नसू, तर तोही एक नकारच आहे, आणि तो आमचा आहे.

त्या मित्राला आम्ही वही पेटीतून काढायला लावली. तीन जणांनी ती वाचायला घेतली आहे. जे कच्चे आहे ते आम्ही तोंडावर सांगू, आणि जे खरे आहे त्यातला स्वल्पविरामही हलू देणार नाही. छापायला कुणी मिळाले तर उत्तम, नाही तर वर्गणी काढू. तुमच्या वस्तीत अशी एखादी वही पेटीत पडली असेल, तर या आठवड्यात जाऊन ती मागून घ्या.

जय जोती! जय भीम!