कागदांवरील वेळेचा प्रश्न : कोल्हापूरचें उदाहरण

जुन्या कागदाची मिति, वार व सन ताडून पाहण्याचा परिपाठ संशोधकांच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु कागदावर घटका अगर तास-मिनिटें असल्यास तीं कोणत्या घड्याळाचीं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यास दोन अस्सल कागदांचा पूर्वापर क्रम उलटण्याचा संभव असतो.

शिवराज्याभिषेक जेधे शकावलींत शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारीं, तीन घटका रात्र उरली असतां झाल्याची नोंद आहे. जुन्या इंग्रजी पंचांगानें तो ६ जून १६७४, शनिवारीं येतो. वारापुरता येथें विरोध नाहीं. आपला वार सूर्योदयीं पालटतो, इंग्रजी वार मध्यरात्रीं.

घटका म्हणजे २४ मिनिटें. परंतु ती सूर्योदयापासून मोजावयाची. कोल्हापुरास वर्षभरांत सूर्योदय सुमारें एक तास मागेंपुढें होतो. सबब ‘दहा घटका दिवस’ एवढ्यावरून, मिति हातीं नसतां, तास काढतां येत नाहीं.

१८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. त्या काळीं रेल्वे व तारखातें मद्रास टाईम धरीत. कोल्हापूरचे रेखांश सुमारें ७४ अंश १४ कला, मद्रासचे ८० अंश १५ कला. हें सहा अंशांचें अंतर २४ मिनिटांचें, म्हणजे बरोबर एका घटकेचें होय! १ जानेवारी १९०६ पासून स्टँडर्ड टाईम आला व हा फरक ३३ मिनिटांवर गेला. मुंबई शहरानें मात्र आपला मुंबई टाईम पुढेंहि कित्येक वर्षें सोडला नाहीं.

शाहूपुरी व्यापारपेठ १८९५ सालीं वसली. समजा, १९०० सालच्या एका गुळाच्या सौद्याची नोंद स्थानिक वेळेनें सव्वादहाची, आणि भाव कळविणाऱ्या तारेवर साडेदहाचा शिक्का आहे. वरवर पाहतां सौदा आधींचा. पण शिक्क्यांतील २४ मिनिटें वजा घालतां तार १० वाजून ६ मिनिटांची, म्हणजे सौद्यापूर्वींची ठरते. भाव ठाऊक असतां सौदा झाला कीं नसतां, हा निर्णय एवढ्यावर अवलंबून आहे.

हाच प्रश्न आज मुंबईच्या शेअरबाजारांत सूक्ष्म रूपानें उभा आहे. तेथें समान भावाच्या मागण्यांत जी आधीं आली ती आधीं पुरी होते. संगणकांतील स्फटिकाचें घड्याळ दिवसांत एखाद्या सेकंदानें सहज चुकतें. म्हणून तें प्रमाण घड्याळाशीं वारंवार ताडतात. निरोपाच्या जाण्यायेण्यास लागलेला वेळ हिशेबांत धरतात, आणि घड्याळ थोडें पुढें गेलेलें आढळल्यास कांटा मागें न ओढतां गति मंद करतात. नाहींतर नंतरची नोंद आधींची दिसेल. एप्रिल १९२२ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या एप्रिल २०२२ मधील सरकारी आदेशानें दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसारख्या प्रमाण घड्याळाशीं असा मेळ राखणें आवश्यक झालें आहे.

जुन्या कागदांस ही सोय नाहीं. म्हणून संग्राहकांनीं यादी करतांना मूळ वेळ जशीच्या तशी उतरावी, कागद कोणत्या गांवचा व कोणत्या खात्याचा तें लिहावें, आणि रूपांतरित वेळ निराळ्या रकान्यांत द्यावी.