देवगिरीचा ग्रंथ आणि काठीचा ढोल

संगीताचा पाया कोणता, असे विचारले की बहुतेकजण ‘सा रे ग म’ म्हणून मोकळे होतात. तेराव्या शतकातील देवगिरीच्या दरबारात हे उत्तर अर्धवट मानले गेले असते. हा धागा त्या दरबारातल्या एका हिशेबनिसाचा आणि सातपुड्यातल्या काठी या गावाचा आहे.

यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि येथेच स्थिरावले. शार्ङ्गदेव होता ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ पुढे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही संगीतपरंपरांनी प्रमाण मानला.

हिशेबनिसाची नजर ग्रंथात जागोजाग जाणवते. एका सप्तकात २२ श्रुती, आणि त्यांची सात स्वरांत वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी. बेरीज करून पाहावी, चोख जुळते.

येथे नवशिक्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. या वाटणीतून तयार होणारे शुद्ध सप्तक आजच्या शुद्ध सप्तकासारखे नाही. ते आजच्या काफी थाटाच्या जवळ जाते. आज आपण ज्यांना ‘शुद्ध’ म्हणतो ते स्वर बिलावल थाटाचे. म्हणजे ज्या विटांनी इमारत रचायची, त्या विटाही काळागणिक बदलल्या आहेत.

स्वरांपेक्षा महत्त्वाची ठरते ती शार्ङ्गदेवाची व्याख्या. गायन, वादन आणि नृत्य ही तिन्ही मिळून संगीत होते, असे तो मानतो. म्हणूनच ग्रंथाची सुरुवात स्वराध्यायाने होते आणि शेवट नर्तनाध्यायाने. वाद्यांचे वर्गही चार: तारांचे ते तत, फुंकीचे ते सुषिर, कातड्याने मढवलेले ते अवनद्ध आणि धातूचे वा ठोकून वाजवायचे ते घन. ही विभागणी त्याच्याही आधीची, भरताच्या नाट्यशास्त्रातली.

आता काठीकडे वळू. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव एकेकाळी खानदेशातील मेवास संस्थानांपैकी एकाचे ठिकाण होते. तेथील राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचे परंपरा सांगते. हे साल परंपरेचे आहे. ताम्रपटातल्या तिथीसारखे ते वापरू नये. तरीही योगायोग नोंदवण्याजोगा आहे, कारण सिंघणाची कारकीर्दही याच सुमारास संपते.

होळीच्या रात्री सातपुड्यातील पाड्यापाड्यांवरून आदिवासी समाज काठीला जमतो. मधोमध उंच बांबू उभा असतो. मोठमोठे ढोल घुमत असतात, सोबत बासरी असते. नवस बोललेले, व्रत पाळणारे बुध्या अंगावर पांढरे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून आणि कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरे बांधून फेर धरतात. होळी पेटते ती पहाटे.

शार्ङ्गदेवाची फूटपट्टी येथे लावून पाहावी. ढोल अवनद्ध, बासरी सुषिर, घुंगरे घन. कमरेच्या घुंगरांमुळे नाचणारा प्रत्येकजण वादकही असतो. पाऊल पडले की नाद उमटतो. येथे लय आकडे मोजून धरत नाहीत. शेकडो पावले ती एकत्र सांभाळतात, आणि एखादे पाऊल चुकले तर शेजारच्याला ते लगेच ऐकू येते. गायन, वादन, नृत्य यांची फारकत झालेलीच नाही.

मग संगीताचा पाया ‘सा रे ग म’ एवढाच का उरला? याचे उत्तर बरेचसे विसाव्या शतकात सापडते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून शेकडो चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सिद्ध केली. राग दहा थाटांत बसवले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला गुणाकाराचे चिन्ह, खालीला शून्य, अशी सुटसुटीत लिपी रूढ केली. त्रितालाच्या १६ मात्रा, पहिलीवर सम आणि नववीवर खाली, हे आता दहा वर्षांचे मूलही वहीत मांडू शकते.

हे उपकार लहान नव्हेत. तोवर ख्याल-ध्रुपदाची विद्यासुद्धा काठीच्या ढोलासारखीच तोंडी होती. गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरत होती आणि गुरू बोलायचा थांबला की कित्येकदा संपतही होती. लिपीने तिला वाचवले. मात्र वर्गात जे फळ्यावर लिहिता येते तेच शिकवले जाऊ लागले, आणि नृत्य वेगळ्या विषयात गेले. गावोगावचे ढोल ‘लोककला’ या कप्प्यात ठेवले गेले, जणू त्यांना शास्त्राचा स्पर्शच नव्हता. हा कप्पा शार्ङ्गदेवाला परका वाटला असता. देशी संगीताला तर त्याने ग्रंथातच जागा दिली आहे.

देवगिरीचे राज्य १३१८ पर्यंत बुडाले. ग्रंथ टिकला, कारण त्याच्या नकला होत राहिल्या; पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. काठीच्या ढोलाची नक्कल मात्र दर फाल्गुन पौर्णिमेलाच होते. फेरात नव्याने शिरलेला पोरगा पुढच्याच्या पावलांकडे पाहत असतो, आणि उजाडेपर्यंत त्याच्या कमरेची घुंगरे इतरांच्या घुंगरांबरोबर पडू लागलेली असतात.