जटायूच्या वंशाला बाधलेलं औषध



जालन्यात गोशाळेला चारा न देणारं आपलं घर विरळाच. म्हणून ही हकिकत आपल्याला ठाऊक असायला हवी.

अंबड, परतूर, भोकरदनकडच्या कुठल्याही आजीला विचारा. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची, बघता बघता नुसती हाडं उरायची. आता तिथे कुत्री भांडतात. गिधाडांची शिकार कुणी केली नाही, त्यांचं अन्नही संपलं नव्हतं. मग ती गेली कुठे?

1990 नंतरच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना मान टाकून बसलेली, मग मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. आधी विषाणूचा संशय होता. खरं कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून लिंडसे ओक्स यांच्या गटाने छापलं: डायक्लोफेनॅक. आपण कंबरदुखीला घेतो तेच औषध! गाई-बैलांच्या सुजेवर, लंगडण्यावर त्याचं इंजेक्शन स्वस्त आणि गुणकारी. पण ते टोचल्यावर जनावर लवकर मेलं, तर औषध त्याच्या अंगात उरायचं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची आणि काळजावर, यकृतावर युरिक अ‍ॅसिडचा खडूसारखा पांढरा थर चढायचा. एकेका ढोरावर थवाच बसणार. त्यामुळे शंभरात एकाहून कमी ढोरांत औषध असलं तरी एवढा संहार होऊ शकतो, असा संशोधकांचा हिशेब निघाला. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

मला टोचतं ते वेगळंच. कत्तलखान्यात गेलेली गाय गिधाडापर्यंत पोचतच नाही. पोचते ती म्हातारपणी मरेपर्यंत सांभाळलेली, दुखतंय म्हणून दयेने इंजेक्शन दिलेली. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं, हे खरंच. पण रोजच्या प्रतिक्रमणात आपण अजाणता घडलेल्या हिंसेचीही क्षमा मागतो ना?

आणि गिधाड आपल्याला परकं नाही. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’मधला जटायू मुनींचं दर्शन होताच श्रावकाची व्रतं घेतो, मांस सोडतो. रावणाच्या हातून घायाळ होऊन मरताना राम त्याच्या कानात नवकार म्हणतात. पंचेंद्रिय जीव तो, व्रत घेण्याइतका शहाणा.

2006 मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये एका बाटलीत 3 मिलीच औषध ठेवायचं ठरलं. 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झालं (अ‍ॅसिक्लोफेनॅकचं गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं), 2024 च्या अखेरीस निमेसुलाइड. गाईला दुखणं सोसायला लावायची मात्र मुळीच गरज नाही. मेलॉक्सिकॅम तिलाही चालतं, गिधाडालाही बाधत नाही.

या पर्युषणात चाऱ्याची पावती फाडताना मी गोशाळेतलं औषधांचं कपाटही बघायला मागणार आहे. चष्मा घेऊनच जाईन, बाटलीवरची अक्षरं फार बारीक असतात.