काँडोमिनियम वन (सी रँच)

काँडोमिनियम वन ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सोनोमा काउंटीमध्ये, प्रशांत महासागराच्या काठावरील सी रँच या वसाहतीत असलेली दहा घरांची निवासी वास्तू आहे. ती १९६५ मध्ये पूर्ण झाली. चार्ल्स मूर, डॉनलिन लिंडन, विल्यम टर्नबुल आणि रिचर्ड व्हिटेकर या चार वास्तुविशारदांनी तिचा आराखडा तयार केला. त्यांची संस्था त्यांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमएलटीडब्ल्यू' या नावाने ओळखली जात असे. बाहेरून लावलेल्या, रंग न दिलेल्या रेडवूडच्या उभ्या फळ्या आणि आतही उघडे ठेवलेले खडबडीत लाकूड यांमुळे घराचा अंतर्भाग व भोवतालचा समुद्रकिनारा यांचे नाते जोडणारी वास्तू म्हणून तिचा अभ्यास केला जातो.

नाव

'काँडोमिनियम' म्हणजे प्रत्येक घराची मालकी स्वतंत्र आणि जमीन, अंगण, छप्पर इत्यादींची मालकी सामाईक असलेली इमारत. किनाऱ्यालगत अशा अनेक इमारतींचे समूह उभारण्याची मूळ कल्पना होती आणि ही त्यांतील पहिली, म्हणून तिला 'वन' हा क्रमांक मिळाला. पुढील समूह मात्र मूळ योजनेनुसार उभे राहिले नाहीत.

पार्श्वभूमी

सी रँचची जमीन सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. हा मुळात काशाया पोमो या आदिवासी समाजाचा प्रदेश होय. पुढे येथे लाकूडतोड झाली आणि त्यानंतर अनेक दशके मेंढपाळी चालली. वाऱ्याला अडसर म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी कुरणांमध्ये मॉन्टेरे सरूच्या रांगा लावण्यात आल्या. कुरणांतील करड्या पडलेल्या लाकडी कोठारांच्या बरोबरीने या वृक्षरांगा तेथील भूदृश्याची ओळख बनल्या.

१९६३ मध्ये कॅसल अँड कुक या हवाईस्थित कंपनीच्या ओशनिक प्रॉपर्टीज या उपकंपनीने सुमारे १६ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यासह सुमारे ५,००० एकर जमीन विकत घेतली. प्रकल्पाची धुरा वास्तुविशारद अल बोके यांच्याकडे होती. बांधकामापूर्वी भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांनी वारा, ऊन, धुके, माती आणि वनस्पती यांचा सविस्तर अभ्यास करविला. त्यातून एक अडचण स्पष्ट झाली. समुद्राचे दृश्य अप्रतिम असले तरी त्याच दिशेकडून जवळजवळ वर्षभर जोरदार थंड वारे येतात, उन्हाळ्यात धुके दाटते आणि हिवाळ्यात पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो. अशा ठिकाणी घर बाहेरच्या निसर्गाशी जोडायचे, पण त्या निसर्गाच्या माऱ्यात सोडून द्यायचे नाही, हा वास्तुविशारदांपुढील मुख्य प्रश्न होता.

त्या काळी कॅलिफोर्नियात 'आत-बाहेर एकच' या कल्पनेचे प्रचलित उत्तर काच हे होते. राज्याच्या दक्षिण भागातील सौम्य हवामानात सरकत्या काचेच्या भिंती आणि पोलादी सांगाडे वापरून घर व बाग एकरूप करणारी घरे दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसिद्धीस आली होती; चार्ल्स व रे ईम्स यांचे १९४९ मधील घर हे त्यांचे सुपरिचित उदाहरण. उत्तर भागात मात्र रंगहीन रेडवूडमध्ये बांधण्याची जुनी स्थानिक परंपरा होती. बर्नार्ड मेबेक आणि विल्यम वुर्स्टर हे तिचे प्रमुख प्रतिनिधी मानले जातात. समीक्षक लुईस ममफर्ड यांनी १९४७ मध्ये या परंपरेला 'बे रीजन स्टाइल' असे संबोधले. काँडोमिनियम वन हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल आहे.

रचना

इमारत समुद्राकडील कड्यावर, उताराला धरून बसविलेली आहे. प्रत्येक घराचा मूळ चौरस सुमारे २४ फूट बाजूचा आहे. हे चौरस जमिनीच्या चढउतारानुसार वरखाली रचून त्यांच्यामध्ये चौक ठेवलेले आहेत. गाड्या एका बंदिस्त आवारात थांबतात, त्यामुळे कुरणातून पाहताना त्या दिसत नाहीत. आतील चौकात चारही बाजूंच्या भिंतींमुळे वारा अडतो आणि उघड्यावर बसण्याजोगी जागा निर्माण होते.

छपरे बहुतांशी एकपाखी असून त्यांचा उतार जमिनीच्या उताराला व वाऱ्याने झुकलेल्या सरूंच्या आकाराला अनुसरतो. छपराला वळचण जवळजवळ नाही. बाहेर आलेल्या वळचणीखाली वारा अडकून तिला उचलू पाहतो आणि भिंतीलगत भोवरे निर्माण करतो. ती टाळल्याने वारा भिंतीवरून छपरावर सरळ वाहून जातो. याची किंमत अशी की पाऊस थेट भिंतीवर पडतो, म्हणून भिंतीच्या आवरणाला येथे विशेष महत्त्व आहे.

इमारतीचा सांगाडा डग्लस फरच्या सुमारे १० इंच जाडीच्या चौकोनी खांबांचा, आडव्या तुळयांचा आणि तिरप्या टेकूंचा आहे. भूकंप व वारा यांच्या आडव्या जोराला तोंड देण्यासाठी अशा भक्कम सांगाड्याची आवश्यकता होती.

लाकडी आवरण

बाहेरील भिंतींवर रेडवूडच्या न रंधलेल्या उभ्या फळ्या आहेत. फळ्या उभ्या लावल्याने पाणी लाकडाच्या शिरांच्या दिशेने खाली ओघळते आणि आडव्या सांध्यांवर साचत नाही. दुरून पाहता दहा घरे वेगवेगळी न दिसता एकाच लाकडी पिंडातून घडवलेली वाटतात. जुन्या कोठारांच्या भिंतीही अशाच उभ्या फळ्यांच्या असल्याने नवी इमारत परिसरात परकी भासत नाही.

आतील बाजूस भिंतींना गिलावा किंवा गुळगुळीत लाकडी तावदाने नाहीत. खांब, तुळया, टेकू आणि खडबडीत फळ्या जशाच्या तशा दिसतात. दारातून आत येणाऱ्यास बाहेरच्या भिंतीचा पोत आतही भेटतो; आपण कोठाराच्या आत आलो आहोत असे वाटते. आत-बाहेर जोडण्याचे काम येथे भिंत नाहीशी करून नव्हे, तर भिंतीचे द्रव्य दोन्हीकडे सारखे ठेवून साधलेले आहे.

आत आणि बाहेर यांमधील टप्पे

लाकडाच्या सातत्याला जागांच्या क्रमाची जोड आहे. कुरणातून चौकात, चौकातून खोलीत आणि खोलीतून आणखी आतल्या जागेत असे टप्प्याटप्प्याने जाता येते.

बहुतेक घरांच्या मुख्य खोलीत चार खांबांवर उभे असलेले एक छोटे 'घरातले घर' आहे. त्याच्या खाली शेकोटीजवळची बैठक आणि वर झोपण्याचा माळा असतो. स्वयंपाकघर व स्नानगृह हे मोठ्या कपाटासारखे स्वतंत्र खोके असून काही घरांत ते रंगविलेले आहेत. त्यामुळे रंगविलेला भाग घराच्या अगदी आत आणि रंगहीन लाकूड त्याच्या भोवती अशी उलट मांडणी दिसते. नेहमीच्या घरात रंग बाहेरून दाखविला जातो. येथे बाहेरची भिंत निसर्गाला दिलेली आहे.

मुख्य खोलीच्या बाहेर, भिंतीला लटकविल्यासारखे, काचेचे छोटे उपभाग काढलेले आहेत. घोड्याच्या खोगिराला अडकविलेल्या पिशव्यांवरून वास्तुविशारद त्यांना 'सॅडलबॅग' म्हणत. त्यांपैकी काही खिडकीतील बैठका आहेत, तर काही ऊन घेण्याच्या छोट्या खोल्या आहेत. त्यात बसणारा माणूस वारा व पाऊस यांपासून सुरक्षित राहतो, पण तीन बाजूंनी समुद्र व कुरण यांच्यामध्ये असतो. पूर्ण भिंत काचेची न करता फक्त निवडक ठिकाणी काच वापरल्याने दृश्यही मिळते आणि आसऱ्याची भावनाही टिकते.

लाकडाचे वृद्धत्व

रेडवूडच्या खोडाचा गाभा, म्हणजे मध्यकाष्ठ, टॅनिनादी द्रव्यांमुळे कुजणे व कीड यांना बऱ्यापैकी प्रतिकार करतो. सालीलगतच्या रसकाष्ठात हा गुण नसतो. म्हणून बाहेरच्या आवरणासाठी मध्यकाष्ठाच्या फळ्या श्रेष्ठ समजल्या जातात.

उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाच्या पृष्ठभागावरील लिग्निन हे द्रव्य विघटित होते आणि पावसाने धुऊन जाते. मागे उरलेले तंतू रुपेरी करडे दिसतात. तांबूस रेडवूड अशा रीतीने करडे होते. आतील लाकडाला ऊन-पावसाचा मारा बसत नसल्याने ते उबदार तपकिरी राहते. परिणामी आरंभी सारख्या दिसणाऱ्या दोन बाजू काळाच्या ओघात भिन्न होतात. पोत तोच राहतो, रंग मात्र कोणती बाजू हवामानाला सामोरी गेली ते सांगतो. ही झीज अत्यंत मंद असते. मऊ लाकडाचा पृष्ठभाग साधारणतः एका शतकात सुमारे ६ मिलिमीटर झिजतो.

लाकडी आवरणाचा खरा शत्रू ऊन नसून अडकलेले पाणी हा आहे. पुढील बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास फळ्या मागील बाजूने कुजतात:

• लाकूड शिरांच्या आडव्या दिशेने फुगते व आक्रसते, लांबीच्या दिशेने फारच थोडे. म्हणून फळीला रुंदीत हलण्यास वाव ठेवून खिळे मारावे लागतात, अन्यथा ती तडकते.
• फळीचे कापलेले टोक बाजूंच्या तुलनेत कितीतरी वेगाने पाणी शोषते. ते जमिनीपासून वर व शक्यतो लेप दिलेले असावे.
• साध्या लोखंडी खिळ्यांची टॅनिनशी अभिक्रिया होऊन काळे ओघळ उमटतात, म्हणून जस्तलेपित किंवा गंजरोधक पोलादी खिळे वापरतात.
• फळीच्या मागे पाणी रोखणारा थर आणि शक्य असल्यास हवा खेळण्यास फट असावी.

या शेवटच्या बाबीवरून आत-बाहेर सातत्याची मर्यादाही लक्षात येते. एकच फळी भिंतीतून किंवा काचेखालून आरपार आत नेली, तर तिच्या शिरांतून ओलावा व थंडी दोन्ही आत येऊ शकतात. म्हणून डोळ्यांना अखंड दिसणारे लाकूड भिंतीच्या आत तोडावे लागते आणि बाहेरची फळी व आतली फळी यांमध्ये पाणी, हवा आणि उष्णता अडविणारे थर घालावे लागतात. दृश्य सातत्य टिकण्यासाठी भिंतीच्या पोटात खंड असणे अपरिहार्य आहे.

वसाहतीवरील प्रभाव

याच सुमारास जोसेफ एशरिक यांनी सरूंच्या रांगांच्या आडोशाने बांधलेल्या घरांच्या भिंतींवर लाकडाच्या छोट्या चकत्या, म्हणजे शिंगल, वापरल्या आणि काही छपरांवर गवत वाढविले. या आरंभीच्या इमारतींवरून वसाहतीचे बांधकामविषयक नियम आकाराला आले. बाह्य भिंती लाकडी फळ्यांच्या किंवा शिंगलच्या असाव्यात, भडक व चकाकणारे रंग टाळावेत आणि कुंपणे व शोभेच्या हिरवळी यांऐवजी मूळची कुरणे राखावीत, असा त्यांचा आशय आहे. पुढे अमेरिकेत इतरत्र उभ्या फळ्यांची आणि उतरत्या छपरांची असंख्य घरे बांधली गेली. त्यांत बाह्य रूपाचे अनुकरण झाले, परंतु वारा व जमीन यांचा अभ्यास क्वचितच आढळतो.

टीका आणि वाद

निसर्गाशी नाते सांगणाऱ्या या वसाहतीने किनाऱ्याकडे जाण्याचा सर्वसामान्यांचा मार्ग बंद केला, ही तिच्यावरील सर्वांत गंभीर टीका होय. या वादातून कॅलिफोर्नियातील किनारा-संरक्षणाच्या चळवळीला बळ मिळाले. १९७२ मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन २०' संमत करून किनारा आयोगाची तरतूद केली. त्यानंतर सी रँचमधील बांधकाम अनेक वर्षे रखडले. १९८० च्या कायद्याने तोडगा निघून सार्वजनिक पायवाटा खुल्या करण्यात आल्या. नियोजित घरांची संख्याही मूळच्या निम्म्याहून कमी झाली. घर बाहेरच्या जगाशी जोडताना ते 'बाहेर' कोणाचे, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता.

दुसरा आक्षेप लाकडाविषयी आहे. किनारी रेडवूडच्या आदिम जंगलांपैकी आज सुमारे ५ टक्केच शिल्लक आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९६८ मध्ये रेडवूड राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, म्हणजे काँडोमिनियम वन पूर्ण झाल्यानंतर तीनच वर्षांनी. लागवडीतून मिळणाऱ्या तरुण वृक्षांत मध्यकाष्ठाचे प्रमाण कमी असल्याने त्यांचे लाकूड जुन्या वृक्षांच्या लाकडाइतके टिकाऊ नसते.

तिसरा प्रश्न वणव्यांचा आहे. कॅलिफोर्नियात २००८ पासून वणव्याच्या जोखमीच्या क्षेत्रांतील नव्या इमारतींच्या बाह्य भागांना आगप्रतिरोधाचे विशेष नियम लागू आहेत. त्यामुळे उघड्या लाकडी आवरणाचा वापर पूर्वीइतका सहज राहिलेला नाही.

मान्यता

काँडोमिनियम वनला १९९१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेचा 'ट्वेंटी-फाइव्ह इयर अवॉर्ड' मिळाला. काळाच्या कसोटीवर उतरलेल्या वास्तूंना हा सन्मान दिला जातो. २००५ मध्ये इमारतीचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. सान फ्रान्सिस्को आधुनिक कला संग्रहालयाने २०१८-१९ मध्ये सी रँचवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले होते. चार्ल्स मूर यांच्या मालकीचे घर (क्रमांक ९) १९९३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच होते.