दारातला ढोल

२०१६ साली मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. बाबांची कंपनी बंद पडली होती आणि डोंबिवलीच्या घराची दोन वर्षांची घरपट्टी थकली होती. एका दुपारी वसुलीचा माणूस आला. दारात उभं राहून त्याने खालच्या आवाजात आकडा सांगितला, जमेल तसं भरा म्हणाला आणि गेला. शेजारी कुणाला कळलं नाही.

त्याच वर्षी ठाणे महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायला माणसं पाठवली. बातमी परदेशातही गाजली. आम्ही कॉलेजात ते व्हिडिओ बघून खूप हसलो. घरी मात्र बाबा ती बातमी लागली की चॅनल बदलायचे.

दारात जाऊन चारचौघांत देणं मागणं ही आपल्याकडची जुनी रीत. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने धरण्याचं वर्णन केलंय. पगार थकला की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे बसायचे. धरणेकरी जेवायचा नाही, म्हणून ज्याच्या दारात बसलाय त्यालाही जेवता यायचं नाही. म्हणजे तेव्हा थकबाकीदार सरकारही असायचं आणि लाज त्यालाही वाटायची.

उलट बाजूने वसुली व्हायची तेव्हा चित्र वेगळं होतं. १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांकडे गेलं, पण सालबाईच्या तहानंतर कल्याण पुन्हा पेशव्यांकडे आलं. पेशव्यांचा कमाविसदार सरकारला रसद, म्हणजे आगाऊ रक्कम भरायचा. ती बहुधा सावकाराकडून उचललेली असायची. म्हणून रयतेच्या दारात येणारा माणूस स्वतःही कर्जात असायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावेल त्याला वसुलीचा हक्क. मुदत संपायच्या आत मक्तेदाराला गुंतवलेले पैसे काढायचे असत, आणि पुढच्या वर्षी शेतकरी जगतो की नाही याच्याशी त्याचं देणंघेणं नसे. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने या पद्धतीवर कडक टीका केली.

आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १७६ वसुलीचे मार्ग सांगतं: मागणीची नोटीस, जप्ती, विक्री आणि थेट अटकसुद्धा. पण जप्तीलाही मर्यादा आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काय जप्त करता येत नाही ते सांगतं: स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचं बियाणं, बाईला धर्मरीतीप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाही तो दागिना. ही यादी मी दोनदा वाचली. तिच्यात अब्रू नाही.

गेल्या वर्षी ऑफिसात थकबाकीची आठवण देणारी मेसेज प्रणाली माझ्याकडे आली. मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं, थकबाकीदारांची नावं सोसायटीच्या ग्रुपवरच टाकू, वसुली वाढेल. वाढलीही असती. मला ते दुपारी आलेले गृहस्थ आठवले. मी म्हटलं, मेसेज फक्त त्या माणसाच्या नंबरवर जाईल. थोडी वादावादी झाली, पण ते मान्य झालं.

बाबांनी घरपट्टी शास्तीसकट चार हप्त्यांत भरली. पावत्या अजून कपाटात आहेत.